इटालियन वेस्टर्नच्या सुपर ८ प्रती जमवायला सुरुवात करतोय. लाल पडलेली प्रत घ्यावी का? आणि ओळखीच्या एका जुन्या थिएटर ऑपरेटरकडून रिळं दुरुस्त करून घेतली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. ऑपरेटर कितीही जुना, कितीही जाणकार आणि कितीही देवमाणूस असो, त्याच्या एका हातात ब्लेड आणि दुसऱ्या हातात तुमचं रीळ येऊ देऊ नका. माझे सासरे देवमाणूसच आहेत, म्हणून सांगतोय.

मी स्टुटगार्टजवळ राहतो. इथल्या जुन्या बाजारात कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावरची रिळं अजूनही खोक्यांनी येतात. व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोचायच्या आधी इथे लोक सिनेमे असेच विकत घ्यायचे, सुपर ८ वर, म्हणजे घरच्या मशीनवर लावायच्या आठ एमएम रुंद फिल्मवर. अख्खा सिनेमा क्वचितच, बहुतेक वेळा कापून-छाटून ६० किंवा १२० मीटरच्या डब्यात कोंबलेला. मला सापडला तो दिग्दर्शक सर्जिओ लेओनेचा १९६८ चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’. १२० मीटरची तीन रिळं, रंगीत, मॅग्नेटिक ट्रॅकसकट (फिल्मच्या कडेची आवाजाची पट्टी), जर्मन डबिंग. एका रिळाला वीसेक मिनिटं धरा, म्हणजे पावणेतीन तासांचा सिनेमा तासाभरात उरकलेला. जर्मनीत याचं नाव ‘श्पील मिर दास लीड फोम टोड’, म्हणजे ‘मला मृत्यूचं गाणं वाजवून दाखव’. आपल्याकडे शोलेचे संवाद जसे कुणीही म्हणतं, तसं इथे हे वाक्य कुणालाही पाठ असतं.

पस्तीस युरो दिले. घरी आणून लावला तर लाल. तुम्ही विचारताय तसा लालसर नव्हे, चांगला लालभडक. आकाश लाल, घोडे लाल. हेन्री फोंडाला लेओनेनं घेतलं ते त्याच्या निळ्या डोळ्यांसाठी. खलनायक करायचाय म्हणून तो तपकिरी लेन्स लावून आला, तर लेओनेनं त्या काढायला लावल्या. माझ्या प्रतीत ते निळे डोळे कांद्याच्या सालीच्या रंगाचे आहेत. तरी मी खूश होतो.

त्या उन्हाळ्यात सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मामांनी उमेदवारी केली जत्रेतल्या तंबूत, आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या एका एकपडदा थिएटरात प्रोजेक्टरच्या दिव्याचा कार्बन जाळत उभी हयात काढली. रीळ हातात घेऊन पहिलं वाक्य: “जावईबापू, ही काय बुटाची नाडी?” पण अंधार करून मशीन सुरू केलं आणि माणूस बदलला. खुर्चीत न बसता मशीनच्या उजव्या बाजूला उभे राहिले, पूर्ण वेळ. अंगणात जेवणाची तयारी चाललेल्या घरावर फोंडाची टोळी येते आणि सगळ्यांना मारते, तिथे म्हणाले, “ठाकूरचं घर.” शेवटच्या पोरावर गोळी सुटते आणि त्या आवाजातूनच आगगाडीची शिटी निघते, तिथे नुसतेच “हं” म्हणाले. त्यांच्या तोंडचं “हं” म्हणजे मोठी दाद असते.

मग तिसऱ्या रिळाची भोकं फाटली. शेवटच्या द्वंद्वाच्या तिथेच. आपल्याकडे पस्तीस एमएमला एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं, त्यातलं एखादं गेलं तरी गाडी चालते. सुपर ८ ला फ्रेममागे एकच भोक, तेही एकाच बाजूला. ओळीनं दोन-तीन गेली की फिल्म गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या खिडकीत, नाचायला लागते. मी म्हटलं, राहू दे, शनिवारी बघू, आणि कामावर गेलो.

संध्याकाळी परत आलो तर काम झालेलं. माझ्याच पेटीतलं सिमेंट (फिल्म चिकटवायचं), माझंच स्प्लाइसर (फिल्म कापून जोडायचं यंत्र). “बोट फिरवून बघा, जोड लागतो का हाताला.” खरंच लागत नव्हता. इतका सुंदर जोड मला आजही मारता येत नाही. फाटलेला भाग सरळ कापून टाकला होता. किती? तीन इंच.

रात्री लावला. फोंडा आणि नायक समोरासमोर उभे, एकदा हा चेहरा, एकदा तो चेहरा. (एकाच चौकटीत दोघं मावत नाहीत, कारण मूळ चित्र टेक्निस्कोपचं, लांबच लांब, आणि माझ्या प्रतीत ते दोन्ही कडांनी छाटून चौकोनी केलंय.) मग नायकाची ती जुनी आठवण, भाऊ, कमान, तोंडात कोंबलेली माऊथ ऑर्गन. परत दोघं. आणि फोंडा गोळी लागल्यासारखा हलला. आवाज नाही. तासभर ज्याची वाट बघायची तो ‘ठो’च नाही. पाठोपाठ कसलीशी फाटकी शेपटी ऐकू आली, तेवढीच.

कारण साधं आहे. मशीनमध्ये आवाज वाचणारं डोकं गेटच्या पुढे असतं, म्हणून सुपर ८ च्या मॅग्नेटिक ट्रॅकवर आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे नोंदवलेला असतो. फुटाला ७२ फ्रेम, म्हणजे इंचाला सहा, म्हणजे १८ फ्रेम बरोब्बर तीन इंच. मामांनी गोळीच्या चित्राला हातसुद्धा लावला नव्हता. त्याच्या आधीचे तीन इंच काढले, आणि गोळीचा आवाज त्याच तीन इंचांच्या ट्रॅकवर बसला होता.

हे समजावून सांगितलं तर म्हणाले, “पस्तीसमध्ये एकवीस फ्रेम पुढे असतो. मला शिकवताय?” बरोबर आहे. पण पस्तीसमध्ये फुटाला १६ फ्रेम. तिथे एकवीस फ्रेम म्हणजे सव्वा फुटाहून जास्त, आणि तीन इंच कापले तर जातात फक्त चार फ्रेम, सेकंदाचा सहावा भाग. कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे तेच तीन इंच म्हणजे पाऊण सेकंद. आयुष्यभर पस्तीसवर बसलेल्या हाताला हा हिशेब कळत नाही. डोक्याला कळतो, हाताला नाही. तुमच्या ओळखीच्या ऑपरेटरचंही हेच होणार, म्हणून नाही म्हणतोय. शिवाय फाटकी भोकं दुरुस्त करायला छिद्रं पाडलेली पारदर्शक टेप मिळते. चिकटवायची, एक फ्रेमही कापावी लागत नाही. माझ्याकडे होती. त्याच पेटीत होती.

मामांचं म्हणणं आजही कायम आहे: “गोळी लागलेली दिसतेय ना? मग आवाज कशाला हवा?” बायको वडिलांच्या बाजूनं. दिवाळीच्या फोनवर दरवर्षी हा विषय निघतो, आणि दरवर्षी मामाच काढतात, मी नाही.

आता लाल प्रतीचं. घ्या. मामा म्हणतात, अशी प्रिंट उघडूही नये, आली तशी परत पाठवावी. थिएटरात ते ठीक, तिथे मागून दुसरी प्रिंट येते. इथे मागून काय येणार? त्या काळच्या ईस्टमन रंगीत प्रतींचं हे व्हायचंच होतं: निळसर हिरवा रंग आधी उडतो, मग पिवळा फिका पडतो, आणि उरतो किरमिजी. उडालेला रंग परत येत नाही. भिंगापुढे फिक्या निळसर रंगाचा फिल्टर धरला तर थोडं सुसह्य होतं, पण पडद्यावर उजेड कमी पडतो. मी धरत नाही. लाल तर लाल. मात्र लाल प्रतीला चांगल्या प्रतीचा भाव देऊ नका. विकणारा “रंग थोडे उबदार आहेत” असं म्हणाला की अर्ध्या किमतीवर या.

लाल रंगापेक्षा वासाला भ्या. डबा उघडल्या उघडल्या लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरचा वास आला तर झाकण लावून परत द्या, फुकट दिलं तरी. फिल्मचं प्लास्टिक, म्हणजे ॲसिटेट, कुजतंय, ते थांबत नाही, आणि त्याची वाफ शेजारच्या डब्यांनाही लागते. मॅग्नेटिक ट्रॅकमधल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे ही कूज आणखी वेगानं होते, म्हणजे बोलपटवाल्यांना जास्त धोका. ही कूज ओळखायला ए-डी नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात, निळ्याच्या हिरव्या आणि पुढे पिवळ्या होतात. डब्यात एक दिवस ठेवून बघा.

डब्यावरच्या नावावरही जाऊ नका. ‘जँगो’ हा वेस्टर्न चालला म्हणून जर्मन वितरकांनी पुढे दिसेल त्या नायकाला जँगो करून टाकलं. दिग्दर्शक कास्तेल्लारीचा १९६८ चा चक्क हॅम्लेटवरचा वेस्टर्न आहे, युद्धावरून परतलेला मुलगा, मेलेला बाप, आईशी लग्न केलेला काका, सगळं त्यात आहे. तोही इथे जँगो म्हणूनच लागला. आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणताना निदान ‘विकारविलसित’ असं भारदस्त नाव तरी दिलं होतं.

इटालियन आवाजातलीच प्रत घ्या, तीच अस्सल, असं सांगणारे भेटतील. कुठली अस्सल? सेटवर इटालियन इटालियनमध्ये बोलतोय, अमेरिकन इंग्रजीत, स्पॅनिश स्पॅनिशमध्ये, आणि सगळ्यांचा आवाज नंतर डबिंगमध्ये भरलेला. या सिनेमांतला इटालियन नट बड स्पेन्सर तर इथे जर्मन आवाजातच लोकांना आपला वाटतो. आमच्याजवळ श्वेबिश ग्म्युंड गावानं २०११ साली पोहण्याच्या तलावाला त्याचं नाव दिलं. (तो मूळचा ऑलिम्पिकचा जलतरणपटू, कार्लो पेदेरसोली.) त्याची रिळं म्हणूनच इथे उगाच महाग असतात. नवख्यानं तिथे पैसे घालवू नयेत.

एक राहिलं. मी हे सगळं जर्मनीतल्या कोरड्या तळघराच्या भरवशावर लिहितोय. तुम्ही कोकणात किंवा मुंबईत असाल तर आधी बुरशीचा विचार करा, ती फिल्मवरचा थरच खाते. आणि न्यायानं सांगायचं तर ती भोकं फाटली ती माझ्यामुळे. फिल्म ओवताना लूप, म्हणजे गेटजवळचा सैल वळसा, लहान ठेवला होता. मामांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. पण त्यामुळे ब्लेडचा मुद्दा बदलत नाही.

कापलेला तुकडा त्यांनी फेकला नव्हता. ऑपरेटर लोक फेकत नाहीत, पोरांसाठी ठेवतात. खिशात घालून सांगलीला नेला आणि नातवाला दिला. तो आता त्याच्या कंपासपेटीत आहे, आणि पोरगा तो बल्बसमोर धरून लाल माणूस बघत असतो. मेव्हण्याला दोनदा सांगून झालंय, पाकिटात घालून पाठव, फाटकी भोकं टेपनं दुरुस्त करून तुकडा जागच्या जागी बसवतो. तो म्हणतो, बाबांना विचारून सांगतो.