जुहूच्या समुद्रात मुलांना उतरवावं का? पाणी चांगलं आहे की नाही हे कुठे कळतं?

पावसाळ्यात अजिबात नको. एरवीही माझ्या नातवाला मी घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाही.

पण ‘कुठे कळतं’ हे वाचून राहवलं नाही. मी एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासायचे, समुद्राचे नमुने घ्यायलाही जायचे. निर्जंतुक बाटली, तिचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे, वर थोडी हवा सोडायची, मग बर्फाच्या पेटीतून थेट प्रयोगशाळा. ते पाणी जिवाणूंच्या खाद्याच्या नळ्यांत घालून उबवणीत ठेवलं की दोन दिवस वायू धरतोय का, म्हणजे जिवाणू वाढतायत का ते बघायचं, मग ४४.५ अंशांवर आणखी एक दिवस. रविवारच्या पाण्याचा आकडा बुधवारी हाती येतो.

एका जुलैत रात्रभर कोसळला. सकाळी नमुना घ्यायला गेले तर नाल्याच्या तोंडापासून काळा पट्टा समुद्रात शिरलेला, आणि त्याच्या कडेला मुलं डुंबतायत. एका बाईंना म्हटलं, मुलाला बाहेर काढा. त्या म्हणाल्या, “एवढं वाईट असतं तर बोर्ड नसता लावला?” त्यांचं काय चुकलं? परत येऊन साहेबांना सांगितलं, काम देणाऱ्यांना आत्ताच फोन करा, आजच बोर्ड लावू देत. साहेब म्हणाले, “आकडा हातात नसताना लोकांना कशाला घाबरवायचं?” आकडा आला तेव्हा फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, मर्यादेच्या कितीतरी पट होते. अहवाल फायलीला लागला. बोर्ड लागलाच नाही.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं: नाला वाहताना दिसतोय, मग आकड्याची वाट कशाला बघायची? लॉस एंजेलिसमध्ये मोठा पाऊस झाला की आरोग्य खातं सांगतं, ७२ तास पाण्यात उतरू नका. नाल्यांच्या तोंडाशी तर नकोच. अहवाल येईपर्यंत थांबत नाहीत. जुहूला इर्ला नाला येतो हे पालिकेला ठाऊक आहे, पाऊस कधी पडला हेही ठाऊक आहे. एक लाल बावटा लावायला कुठल्या नळीची गरज आहे? घाबरू देत की लोक! जुलाब होऊन पोर सलाईनवर जाण्यापेक्षा बरं.

तर तुमचं उत्तर: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर समुद्राच्या पाण्याचे आकडे मिळतात. आंघोळीच्या पाण्याला १०० मिलिलिटरमागे १०० फीकल कोलिफॉर्म ही मर्यादा धरून वाचा. त्यावरून किनारा एकूण कसा आहे ते कळेल, आजचं पाणी कसं आहे ते नाही.

कोकणातला प्रत्येक किनारा असाच, असं मात्र मी म्हणत नाही. शिवाय कोलिफॉर्म ही फक्त मैला मिसळल्याची खूण. खाऱ्या पाण्यात ते लवकर मरतात, काही विषाणू जास्त टिकतात. म्हणून आकडा कमी दिसला तरी मुलाच्या पायाला जखम असेल किंवा कान फुटत असेल तर उन्हाळ्यातही पाण्यात नको.