आधी हक्काचे, मग विकतचे

चि. कन्येस अनेक उत्तम आशीर्वाद.

पक्षाघात झालेल्या आईच्या उपचारांचा खर्च कशातून भागवायचा, याचा तू पाठवलेला तक्ता मी नीट वाचला. त्यात विमा कंपन्यांचे हप्ते आहेत, तुझ्या मिहानमधल्या कंपनीची सामूहिक पॉलिसी आहे, सत्तरीवरच्यांचे आयुष्मान कार्ड आहे आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तुझ्या बाबांनी ऐन उमेदीची वर्षे गणवेशात घालवून जे कमावले, ते मात्र त्या तक्त्यात कुठेच नाही. ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेचा, तू एका ओळीत निकाल लावला आहेस: "बाबा सदस्य नाहीत, त्यामुळे विचार केला नाही." माझा सगळा आक्षेप या एका ओळीवर आहे.

ही योजना 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना सदस्यत्व सक्तीचे झाले आणि आधी निवृत्त झालेल्यांच्या मर्जीवर सोडले गेले. तुझे बाबा 1994 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी ते घेतले नाही आणि आजवर वैद्यकीय भत्ता घेत आले. तो भत्ता आज महिन्याला 1000 रुपये आहे आणि सदस्य होताच तो बंद होतो, म्हणून ते अडून बसले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्या सैनिकाला या योजनेत वर्गणी भरावीच लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितले आहे का? आज निवृत्त होणारा हवालदार 30,000 रुपये भरून आत येतो. तुझ्या बाबांना केवळ हजाराचा भत्ता सोडायचा आहे आणि त्या बदल्यात पती-पत्नी दोघांनाही आयुष्यभराचे उपचार मिळणार आहेत. वयाची अट नाही, आधीच्या आजाराची आडकाठी नाही, उपचारांच्या रकमेला वरची मर्यादा नाही. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्या सहासष्ट वर्षांच्या स्त्रीला या अटींवर घेणारी दुसरी योजना तुझ्या तक्त्यात असेल, तर मला दाखव.

आता तुझ्या तक्त्याकडे वळतो. आयुष्मानचे 5 लाखांचे कार्ड वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी आहे. ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाबांना मिळेल, आईला मिळणार नाही. आणि ईसीएचएसच्या सदस्याला दोन्हींपैकी एकच निवडावे लागते. म्हणजे ज्या आईसाठी तू रात्री जागून हा हिशेब मांडलास, तिलाच वगळणारे कार्ड तू पहिल्या क्रमांकावर ठेवले आहेस. जन आरोग्य योजना आणि आयुष्मान या दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. आईचे दुखणे तसे नाही. तिला रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते, रक्तदाबाचे औषध लागते, हात आखडू नये म्हणून व्यायाम लागतो, उद्या चाकांची खुर्ची लागेल. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातून, मिळणारी महिन्याची औषधे, तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तज्ज्ञांकडे जाण्याची सोय आणि ठरलेल्या दरात मिळणारी साधने यांवरच तिचा महिना उभा राहणार आहे.

खासगी पॉलिसीत आधीच्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ लावला जातो. 2024 पासून त्याची कमाल मर्यादा तीन वर्षे झाली आहे, पूर्वी ती चार वर्षांची होती. पक्षाघातानंतरची पहिली तीन वर्षे म्हणजे नेमकी जपण्याची वर्षे, हे तुला डॉक्टरांनी सांगितलेच असेल. अपंग व्यक्तींसाठी प्रत्येक कंपनीने पॉलिसी ठेवावी, असा विमा नियामकाचा 2023 चा आदेश आहे. ती अवश्य माग, पण प्रतीक्षेचे कलम अक्षर न अक्षर वाचल्याशिवाय सही करू नकोस. आणि एजंटाने कितीही गळ घातली तरी आजार लपवू नकोस. कंपनीची सामूहिक पॉलिसी चांगली आहे, ती राहू दे. पण ती तुझ्या नोकरीला बांधलेली आहे. नोकरी बदललीस, मंदी आली, लग्नानंतर दुसऱ्या शहरात गेलीस, तर आईच्या डोक्यावरचे छप्पर तुझ्या राजीनाम्याबरोबर जाईल. म्हणून सांगतो, आधी हक्काचे, मग विकतचे.

माझा आवाज चढला असेल तर त्याला कारण आहे. तुझ्या काकूला मणक्याचा आजार जडला तेव्हा ईसीएचएस जन्माला यायची होती. आजाराचे नाव ऐकताच विमा कंपन्यांनी अर्ज परत केले आणि काटोलजवळची संत्र्यांची बाग विकून आम्ही तिची शस्त्रक्रिया केली. त्या बागेची हळहळ अजून गेलेली नाही. योजना आली तेव्हा भत्ता महिन्याला 100 रुपये होता. तो सोडू नये, असे मला कितीतरी सोबत्यांनी सांगितले आणि मी तो सोडला. पुढे मुलाने पुण्याला बोलावले, तिथल्या मोठ्या रुग्णालयांची नावे सांगितली, आणि मी नागपूर सोडले नाही, कारण इथल्या पॉलिक्लिनिकमध्ये हिची सगळी कागदपत्रे आहेत आणि तिथले डॉक्टर तिला ओळखतात. त्याबद्दल नातेवाइकांनी मला हेकट ठरवले. ठरवू देत. ती आज पंचाहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या औषधासाठी आम्हाला कोणापुढे हात पसरावा लागलेला नाही. कार्डही पुण्यात चालले असते, हे मला माहीत आहे. पण ज्या स्त्रीला प्रत्येक नवा जिना म्हणजे संकट, तिची घडी मोडायची नाही, हा निर्णय मी विचार करून घेतला होता.

रांगा आहेत, हे कबूल. एखादे औषध त्या दिवशी नसते, पुन्हा जावे लागते, आणि मे महिन्याच्या उन्हात कामठीकडून घरी परतणे सोपे नसते. पॅनेलबाहेरच्या, म्हणजे योजनेच्या यादीत नसलेल्या, रुग्णालयात तातडीने न्यावे लागले, तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचे, बिल आधी आपण भरायचे, आणि परतावा सरकारी दरानेच मिळतो. वरचा फरक आपल्याच खिशातून जातो. त्या फरकासाठी तुझी सामूहिक पॉलिसी ठेव. विकतच्या संरक्षणाची जागा तिथे आहे, पुरवणी म्हणून. आधी हक्काचे.

हा हक्क कागदावर टिकतो, आणि तुमचे कागद मला खटकले आहेत. डिस्चार्ज बुकात, म्हणजे बाबांच्या सैन्यातून निवृत्तीच्या पुस्तिकेत, आईचे नाव माहेरच्या वळणाचे आहे आणि आधारवर वेगळे. उद्या बाबा नसताना आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले, तरच तिचे सदस्यत्व पुढे चालू राहील. आणि ज्या बाईला सही करता येत नाही, तिने तेव्हा एकटीने नावाच्या दुरुस्त्या करत फिरायचे का? हे काम बाबा हयात असताना, त्यांच्या सहीने झाले पाहिजे. पेन्शनच्या नोंदीत आईचे नाव आणि जन्मतारीख तपासून घे. चूक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज कसा पाठवायचा ते तिथे सांगतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्रही काढून ठेव. 2016 च्या कायद्यातल्या बऱ्याच सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्व नोंदलेले असावे लागते, आणि आईचे ते सहज त्याहून अधिक भरेल. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तपासणीसाठी नेताना तिला सकाळी लवकर ने आणि खुर्ची घरूनच ने.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. तुझ्या पूर्ण पत्रात आईचे एकही मत नाही. तिची वाचा गेलेली नाही, मंदावली आहे. कोणत्या डॉक्टरांचा धीर वाटतो, किती वेळ बसवते, गाडीत चढताना कोणाचा आधार हवा, हे तीच सांगू शकेल. थोडा वेळ दे, ती बोलेल.

या रविवारी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), दोघांची आधार कार्डे आणि छायाचित्रे घेऊन घरी ये. अर्ज आपण माझ्याच टेबलावर भरू. बाबा हजार रुपयांवर अडले तर त्यांनाही सोबत आण, त्यांच्याशी मी बोलतो.

तुझा,
काका