वीटकाम, गिलावा, रंग, वायरिंग: सगळ्यांना एकच परांची चालेल का?

तुमचं म्हणणं असं की दोन मजली घराचं काम सुरू आहे, ठेकेदार म्हणतो एकदा परांची, म्हणजे कामगारांनी वर उभं राहायचा तात्पुरता सांगाडा, बांधली की वीटकामापासून रंगापर्यंत तीच चालेल, आणि तुम्हाला ते पटत नाहीये. ती बांबूची बांधावी की लोखंडाची, हाही तुमचा प्रश्न आहे. तुमची शंका रास्त आहे. सांगाडा एकच ठेवता येतो, पण तो जसाच्या तसा सगळ्यांच्या उपयोगाचा नसतो. बांधकामावरच्या परांच्या तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परांची ठरवताना बहुतेक जण आधी उंची विचारतात. मी आधी विचारतो की वर कोण चढणार आणि सोबत काय नेणार. सगळ्यात जड मामला गवंड्याचा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

समजा २.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद असा परांचीचा एक कप्पा आहे, म्हणजे उभ्या पाइपांमधला एक भाग, साधारण २.९ चौरस मीटरचा. त्यावर दोन गवंडी आणि एक मदतनीस, हत्यारांसकट २४० किलो धरा. शंभर विटा, एक वीट सुमारे ३ किलोची, म्हणजे ३०० किलो. दोन घमेली मसाल्याचे ५० किलो. एकूण झाले ५९० किलो, म्हणजे चौरस मीटरला दोनशेच्या थोडं वर. अमेरिकेच्या नियमांत परांचीच्या तीन प्रती, म्हणजे दर्जे, आहेत: हलकी, मध्यम आणि जड. त्यांची क्षमता चौरस मीटरला अंदाजे १२०, २४० आणि ३६५ किलो. म्हणजे आपला कप्पा मध्यम प्रतीत कसाबसा बसला. आता मदतनिसाने सारखी ये-जा नको म्हणून आणखी शंभर विटा एकदम वर चढवल्या, तर आकडा तीनशेच्या पुढे जातो आणि मध्यम परांचीची मर्यादा ओलांडली जाते. वरवर बघणाऱ्याला मात्र विटांच्या दोन थप्प्या जास्त दिसतात, एवढंच. त्यातही थप्पी एकाच फळीच्या मधोमध रचलेली असेल, तर सरासरीचा हिशोब काही कामाचा नाही, कारण सगळा भार त्या एका फळीवर येतो. थप्पी नेहमी उभ्या पाइपांच्या जवळ, आडव्या पाइपाच्या वर लावायला सांगा.

म्हणून वीटकामासाठी कमीत कमी मध्यम प्रतीची परांची घ्या, आणि दगडाचं किंवा ठोकळ्यांचं काम असेल तर सरळ जड प्रतीची. रंगाऱ्याला पुरते ती परांची गवंड्याला देऊ नका. उलट चालतं.

गवंडीकामात जुनी पद्धत एकेरी परांचीची. बाहेर खांबांची एकच रांग, आणि आडव्या काठ्यांचं दुसरं टोक भिंतीत ठेवलेल्या भोकात टेकवलेलं. दगडी भिंतीत अशी भोकं पाडणं अवघड, म्हणून तिथे दोन रांगांची दुहेरी परांची बांधायची रीत पडली. माझं मत विचाराल तर विटांच्या भिंतीलाही दुहेरीच बांधा. एकेरीचा अर्धा भार कालपरवा रचलेली भिंत उचलते आणि तिचा मसाला अजून पुरता धरलेला नसतो. ताज्या कामावर विसंबण्याची किंमत किती मोठी असू शकते, ते १९७८ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला दिसलं. तिथे कूलिंग टॉवरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या उंच काँक्रीटच्या मनोऱ्याचं, काम चालू होतं आणि परांची टॉवरच्याच काँक्रीटला धरून उभी होती. त्यातलं सगळ्यात वरचं काँक्रीट आदल्या दिवशी ओतलेलं. २७ एप्रिलला ते निखळलं आणि परांचीवरचे ५१ च्या ५१ कामगार गेले. दोन मजली घर आणि तो टॉवर यांची तुलना होत नाही हे खरं, पण मसाला आणि काँक्रीट यांना घट्ट व्हायला वेळ लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

आता गिलावा. ठेकेदाराचं "तीच चालेल" पहिल्यांदा अडतं ते इथे. वीट रचणारा भिंतीला चिकटून काम करतो. गिलावा करणाऱ्याला हात मागे घेऊन मसाला मारायचा असतो, मग लांब पट्टी वर-खाली ओढायची असते, रंधा फिरवायचा असतो. त्याला भिंतीपासून अंतर लागतं. नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे: अमेरिकेत फळीची आतली कड आणि भिंत यांच्यात एरवी साधारण ३६ सेंटीमीटरपर्यंतच फट चालते, गिलाव्यासाठी ४६ सेंटीमीटरपर्यंत. पण ४६ सेंटीमीटरच्या फटीत माणसाचा पाय काय, अख्खा माणूस जाऊ शकतो. म्हणून ही सवलत आहे, सक्ती नव्हे. शक्य तिथे आतल्या बाजूला एक वेगळी अरुंद फळी ठेवा, गिलाव्यापुरती ती मागे घ्यायची आणि काम झालं की लगेच परत बसवायची.

दुसरी अडचण याहून गंभीर. परांची भिंतीला धरून ठेवणारे जे पाइप असतात, म्हणजे टाय, ते गिलावा करणाऱ्याच्या थेट वाटेत येतात. पट्टी ओढताना ती टायला अडते. टायभोवती गिलावा नीट बसत नाही, नंतर भोक बुजवावं लागतं आणि ते ठिगळ कायम दिसत राहतं. मग कोणीतरी पान्याने क्लॅम्प, म्हणजे पाइप जोडणारी पकड, ढिला करतो आणि टाय काढून बाजूला ठेवतो. एक काढला तर काही होत नाही. दुसरा काढला तरी काही होत नाही. म्हणून तिसराही निघतो, आणि आता अख्खी परांची नुसती भिंतीशेजारी उभी असते, भिंतीला धरून काहीच नसतं. यावर उपाय काम सुरू व्हायच्या आधीच करायचा: जमेल तितके टाय खिडक्या-दारांच्या पोकळीतून घ्यायचे. टायचा पाइप खिडकीतून आत न्यायचा आणि आतल्या बाजूने खिडकीपेक्षा लांब असा दुसरा पाइप त्याला आडवा क्लॅम्प करायचा. तो पाइप आतल्या भिंतींवर अडकतो आणि परांचीला बाहेर झुकू देत नाही. आत येऊ नये म्हणून भिंतीच्या बाहेरूनही तसाच एक आडवा पाइप लागतो. बाहेरच्या गिलाव्याला हा टाय फारसा आड येत नाही. जिथे भिंतीतलाच टाय आहे तिथे आधी शेजारी नवा बसवायचा, मगच जुना काढायचा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका, अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही.

गिलावा चालू असताना फळ्यांवर सांडलेला मसाला रोज खरवडून काढायला लावा. ओला असताना पाय घसरतो, आणि वाळला की त्याचेच उंचवटे होतात, त्यात ठेच लागते.

रंगारी सगळ्यात हलका. माणूस, डबा, रोलर. त्यामुळे तो सगळ्यात बेफिकिरीने चढतो. फळ्या कमी पडल्या तर एकाच फळीवर उभं राहून काम उरकतो. त्याला भार कमी असला तरी प्लॅटफॉर्म पूर्ण रुंदीचा आणि कठडा दोन्ही पातळ्यांवर हवा, कंबरेशी एक आणि गुडघ्याच्या वर एक. पायाशी उभी पट्टीही हवी, कारण वरून पडलेला डबा खालच्या माणसाच्या डोक्यात जातो. रंगासाठी चाकांचा टॉवर सोयीचा पडतो, पण त्याखाली जमीन पक्की आणि सपाट असली तरच. चाकांचे ब्रेक लावलेले, आणि हलवताना वर कोणीही नाही, हे दोन नियम सोडायचे नाहीत. बाहेर वाऱ्यात टॉवरची उंची पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीपुढे मी जाऊ देत नाही, त्याहून उंच लागला तर तो इमारतीला बांधायचा. रंगाच्या वेळी धूळ आणि शिंतोडे अडवायला हिरवी जाळी लावतात. ती लावली की परांची वाऱ्यात शिडासारखी भरते. जाळी नसताना हिशोबलेले टाय जाळीनंतर अपुरे पडतात, म्हणून जाळी लावण्याआधी टाय वाढवा.

खिडक्या बसवणारे आणि प्लंबर यांच्याबद्दल एकच सांगतो. लांब पाइप किंवा चौकट आत घेताना कैची, म्हणजे तिरके पाइप, त्यांना आडवे येतात आणि ते काढले जातात. कैची गेली की सांगाड्याचा चौकोन तिरपा व्हायला मोकळा होतो. छपराचं काम असेल तर वरचा प्लॅटफॉर्म पागोळीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, जरा खाली आणि कठडा पागोळीच्या वर येईल असा ठेवा, म्हणजे उतारावरून घसरलेला माणूस तिथे अडेल.

इलेक्ट्रिशियनचा धोका वेगळा आहे. घरात छताच्या कामाला फायबरग्लासची घोडीशिडी बरी, अल्युमिनियमची नको. बाहेर मात्र तुमच्या घराजवळून वीजवाहिनी जाते का, ते परांची उभी करण्याआधी बघा. अमेरिकेच्या नियमात ५० किलोव्होल्टपर्यंतच्या उघड्या वाहिनीपासून किमान ३ मीटर अंतर आहे. हे अंतर परांचीपासून तर मोजाच, पण तिच्यावरून हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंसाठीही धरा. सहा मीटरचा पाइप उभा करताना वरचं टोक कुठे जातं, याकडे खाली उभ्या माणसाचं लक्ष नसतं. अंतर मिळत नसेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्या.

बांबू की लोखंड, हेही तुम्ही विचारलंय. कसलेल्या हातांनी बांधलेली बांबूची परांची मी वाईट म्हणणार नाही, पण तिच्या गाठी कोणी तपासायच्या आणि त्या किती भार घेतील हे कोणी सांगायचं? दोर पावसात आणि उन्हात खराब होतो. भार मोजून काम करायचं असेल, आणि वीटकामात ते करावंच लागतं, तर लोखंड घ्या. लोखंडात दोन गोष्टी पाहा. नेहमीचा पाइप ४८.३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा असतो. त्याचा क्लॅम्प बारीक पाइपावर आवळला तरी धरत नाही, सरकतो. आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेम, म्हणजे तयार चौकटी, एकमेकींत ठोकून बसवलेल्या दिसल्या तर त्या उतरवायला लावा.

पायाची जमीन विसरू नका. घराभोवतीची माती पाया खणून परत भरलेली असते, ती एका पावसात बसते. प्रत्येक खांबाखाली बेसप्लेट, म्हणजे लोखंडी बैठक, आणि त्याखाली लांब, जाड लाकडी फळी हवी. विटांचे तुकडे रचून खांब टेकवलेला दिसला तर त्या दिवशी काम थांबवा.

आता मूळ मुद्दा. माझ्या पाहण्यात परांची पहिल्या दिवशी क्वचितच वाईट असते. ती बिघडते एका कामगारांच्या टोळीकडून दुसरीकडे जाताना. गवंड्याने फळी हलवली, गिलावावाल्याने टाय काढला, प्लंबरने कैची सोडली, आणि शेवटी रंगारी चढला तो या सगळ्यांच्या उरलेल्या परांचीवर, आधी कोणी काय काढलं हे माहीत नसताना. म्हणून ठेकेदाराशी एकच गोष्ट ठासून ठरवा: परांचीत बदल करायचा हक्क एकाच माणसाला, जो ती बांधतो त्याला. बाकी कोणाला काही अडलं तर त्याला बोलवायचं. टोळी बदलली की त्याने वरपासून खालपर्यंत तपासायचं आणि चढायच्या जागेवर तारीख घालून हिरवी पाटी लावायची. पाटी नाही तर चढायचं नाही. ब्रिटनच्या कायद्यात दर सात दिवसांनी तपासणी लागते, अमेरिकेत प्रत्येक पाळीच्या आधी. तुमच्या घरासाठी मी दोन्ही सांगेन: रोज सकाळी नजर फिरवा, आठवड्याला नीट तपासणी, आणि जोराचा पाऊस किंवा वारा होऊन गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

ठेकेदार या माणसाचा वेगळा खर्च सांगेल. तो द्या.

परांची उतरवतानाही तोच माणूस हवा. वरून खाली, एकेक टप्पा, आणि प्रत्येक टप्प्याचा टाय तो टप्पा उतरेपर्यंत जागेवर. पाइप वरून फेकायचे नाहीत, दोरीने सोडायचे, आणि खालची जागा दोरी बांधून बंद ठेवायची. त्या दिवशी घरातल्या मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.