वाचक विचारतात : मालिकेतून महापालिकेत

धाकटी बहीण मालिकांत काम करते. सहा वर्षे गोरेगावला राहते. आता नाशिक महापालिकेला उभे राहायचे म्हणते. माहेर सातपूरचे, तेवढे पुरेल का?
— एक वाचक, सातपूर

माहेर पुरत नाही, मतदार यादीतले नाव लागते. महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची धरतात आणि तीच प्रभागवार फोडतात. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी ही तारीख होती १ जुलै २०२५. म्हणजे अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी जवळजवळ सहा महिने दार बंद झाले होते. पुढच्या खेपेचा विचार असेल तर बहिणीने खरोखर नाशिकला राहायला येऊन नाव आत्ताच हलवावे.

त्यासाठी नमुना ८ भरायचा. अनेक जण घाईत नमुना ६ भरतात. तो नव्या मतदारासाठी असतो. मग गोरेगावचे नाव तसेच राहते, नाशिकला दुसरे चढते आणि विरोधकांना हरकतीचा मुद्दा आयता मिळतो.

वय २१ पूर्ण हवे. नाव शहरातल्या कोणत्याही प्रभागात असले तरी चालते. सूचक आणि अनुमोदक मात्र ज्या प्रभागातून लढायचे तिथलेच लागतात. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आधी भरून दाखला घ्या. सातपूरचे घर वडिलांच्या नावावर असेल तरी दाखला मागून ठेवलेला बरा. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांचा नियम (दोनपेक्षा जास्त असल्यास अपात्र) आणि अनधिकृत बांधकामाचा नियमही याच वेळी तपासा. बांधकाम नवऱ्याचे असले तरी अडचण येते.

नावाचा घोळ कलाकारांकडे हमखास असतो. यादीत माहेरचे, आधारवर सासरचे, पडद्यावर तिसरेच. अर्जात यादीतलेच नाव, अगदी वेलांटी-उकारासकट. राखीव जागेवर लढणार असेल तर जात माहेरची धरली जाते, सासरची नाही. जातीचा दाखला लग्नानंतरच्या नावाने काढलेला असेल तर छाननीआधीच तपासून घ्या.

एबी फॉर्म म्हणजे नेमके काय? शेवटच्या दिवशी त्याचीच धावपळ का असते?
— एक वाचक, नाशिकरोड

‘ए’ फॉर्मवर पक्ष सांगतो की उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला. ‘बी’वर तो अधिकारी सांगतो की या जागेवर आमचा उमेदवार कोण. दोन्हींवर शाईची मूळ सही हवी, झेरॉक्स चालत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले नाहीत, तर पक्षाचे चिन्ह जाते. बंडखोरी टाळायला पक्ष फॉर्म मुद्दाम उशिरा देतात. बाहेरून आलेल्या प्रसिद्ध चेहऱ्याला तर सर्वांत शेवटी, कारण तिथेच जुन्या कार्यकर्त्याची समजूत काढायची असते.

आमच्या प्रभागातल्या पॅनलमध्ये टीव्हीवरची एक ताई होती. मला फक्त तिलाच मत द्यायचे होते. केंद्रावर म्हणाले, चारही बटणे दाबा. असे का?
— एक वाचिका, इंदिरानगर

नाशिकमध्ये ३१ प्रभाग आणि १२२ जागा आहेत. २९ प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. निम्म्या जागा, म्हणजे ६१, महिलांच्या. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र लढती असतात. मतपत्रिकेचा रंगही वेगळा: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. शेवटच्या जागेचे बटण दाबल्यावरच लांब बीप वाजते. बाकीच्या तीन जागांवर कोणालाच मत द्यायचे नसेल तर त्या-त्या रंगातला ‘नोटा’ दाबा. तिच्या पॅनलला मत देण्याची सक्ती नाही, पण मतदान पूर्ण व्हायला हवे.

उमेदवार ताईंनीही हे समजून घ्यावे. सोसायटीत सेल्फीसाठी रांग लागते, पण मतदाराला ‘ताई कुठल्या रंगात?’ हे ठाऊक नसते. नमुना मतपत्रिका घेऊन घरोघरी जाणारी माणसे प्रत्येक बूथमागे हवीत. ती एका मालिकेच्या लोकप्रियतेवर मिळत नाहीत. आदेश बांदेकरांना घराघरात ओळखत होते, तरी २००९ मध्ये माहीममधून ते पडले. दीपाली सय्यद २०१९ मध्ये मुंब्रा-कळव्यात हरल्या. त्याच वर्षी अमोल कोल्हे शिरूरमधून खासदार झाले. पडद्यावरची ओळख तिघांकडेही होती.

मैत्रिणी म्हणतात, आम्ही फुकट प्रचाराला येतो. मग खर्च दाखवायचा कशाला?
— एक कलाकार, गंगापूर रोड

मैत्रिणींचे मानधन शून्य असेल, पण त्यांची गाडी, हॉटेल, स्टेजवरचा साउंड शून्य नसतो. नाशिकसाठी उमेदवाराची मर्यादा १३ लाख रुपये आहे. खुर्ची, चहा, वडापाव, रिक्षावरचा भोंगा यांचे दर प्रशासन ठरवते. वस्तू कोणी भेट दिली तरी तुमच्या खात्यात त्या दराने धरतात. चौघांची एकत्र सभा असेल तर खर्च वाटला जातो. म्हणून बिल चौघांच्या नावाने करा, नाहीतर सगळा बोजा प्रसिद्ध चेहऱ्यावर येतो. पैसे देऊन जास्त लोकांपर्यंत पोचवलेली रीलही खर्चात धरा.

निवडणुकीपुरते वेगळे बँक खाते उघडा आणि सगळे त्यातूनच द्या. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. हरलेल्यांनाही हे लागू आहे आणि चुकतात बहुधा तेच, कारण निकालानंतर फाइल उघडायची इच्छाच राहत नाही.

निवडून आल्यावर मालिका सोडावी लागते का?
— तीच कलाकार, गंगापूर रोड

कायदा सोडायला सांगत नाही, वेळापत्रक सांगते. सर्वसाधारण सभा महिन्याला किमान एक. १६ जणांच्या स्थायी समितीत गेलात तर जवळपास दर आठवड्याला. आठवड्याला सहा भाग जाणाऱ्या मालिकेत ‘बँक’, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग, नेहमीच तुटपुंजी असते आणि कसारा घाटात ट्रक आडवा झाला की सभाही हुकते, सेटवर पोचायची वेळही. करारात सभेच्या तारखा आधीच सुट्टीच्या म्हणून लिहून घ्या, किंवा पात्राला परगावी पाठवायला लेखकाला सांगा.

एक धोका मात्र कोणी सांगत नाही. पालिकेकडून पैसे घेऊन स्वच्छतादूताचा करार केलेला असेल, किंवा तुमच्या इव्हेंट कंपनीकडे पालिकेच्या कार्यक्रमाचे काम असेल, तर पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध म्हणून पद धोक्यात येते. अर्ज भरण्याआधी असे करार वकिलाला दाखवून संपवा.

आणि नगरसेविका झाल्यावर अभियंत्याला थेट हुकूम देता येत नाही. प्रशासन आयुक्तांच्या हाती असते. पाथर्डी फाट्याला चेंबर तुंबले तर फोनवर आवाज चढवून उपयोग नाही. विभागीय कार्यालयात लेखी पत्र द्या, आवक क्रमांक घ्या, सोबत तारीख दिसेल असा फोटो लावा. काम झाले नाही तर तोच क्रमांक सभेत वाचून दाखवता येतो.