अमेरिकेतल्या बार्बेक्यूत प्रांतागणिक काय फरक असतो? बीफ न खाणाऱ्याने धुरावरचं मांस कुठे खावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ह्यूस्टनला असते, जूनपासून तीन महिने तुम्ही तिच्याकडे आहात. डुक्कर, कोंबडी, मटण सगळं चालतं, फक्त गाय नाही, आणि जावईबापू मात्र ब्रिस्केटशिवाय, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाशिवाय, दुसरं बोलत नाहीत. मी मूळचा सांगलीचा, बारा वर्षं ऑस्टिनला आहे. दोन वर्षांपूर्वी माझे बाबा आले होते तेव्हा नेमका हाच पेच होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलातल्या शेगडीवरची सीख डोळ्यासमोर येते. इथे त्याला ग्रिल म्हणतात. इथला बार्बेक्यू म्हणजे मांसाचा मोठा, चिवट तुकडा शे-सव्वाशे अंश सेल्सिअसच्या मंद आंचेवर, लाकडाच्या धुरात तासन् तास ठेवायचा. पायाचं सूप गार झालं की थिजतं ना? चिवट मांसातून तोच चिकटपणा हळूहळू सुटतो आणि दोऱ्यासारखं मांस लोण्यासारखं होतं. मजा म्हणजे साधारण ६५-७० अंशांना मांसाचं तापमान तासन् तास अडून बसतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने: मांसाला घाम फुटतो, तो वाळताना आतली उष्णता घेऊन जातो. नवशिके इथेच घाबरून आंच वाढवतात. मीही वाढवली होती. आठ माणसांचं जेवण शेवटी पिझ्झ्यावर भागलं.

धूर आपल्याला परका नाही. अलिबागकडची पोपटी आहे, डाळीला निखाऱ्यावर तूप सोडून दिलेली धुरी आहे. पण ती मिनिटांची गोष्ट. बारा तासांचा धूर चवीला लागतो त्याआधी कपड्यांना लागतो.

आता प्रांत. लोक सॉसवरून फरक सांगतात. मला विचाराल तर जनावर आणि लाकूड बघा, सॉस मागाहून येतो.

मध्य टेक्ससमध्ये जर्मन आणि चेक खाटिक येऊन वसले. न खपलेलं मांस ते दुकानामागे धुरावर लावायचे आणि विकताना खाटकाच्याच कागदात बांधून द्यायचे. तो कागद अजून टिकून आहे, ताटाचं काम तोच करतो. लाकूड पोस्ट ओकचं, मसाला म्हणजे मीठ-मिरी, बस्स. ब्रिस्केट इथला राजा.

तुमच्यासाठी तरीही टेक्सस सोडू नका. ऑस्टिनच्या दक्षिणेला तीसेक मैलांवर लॉकहार्ट आहे. विधिमंडळाने ठराव करून त्याला टेक्ससची बार्बेक्यू राजधानी म्हटलंय. तिथलं क्रॉइट्झ मार्केट (स्थानिक लोक 'क्राइट्स' म्हणतात) हे बार्बेक्यूचं दुकान १९०० सालचं. पुढे आपल्याकडच्या वाटण्यांसारखंच झालं: वडिलोपार्जित इमारत बहिणीकडे, धंदा भावाकडे. १९९९ मध्ये भावाने रस्त्याने थोडं पुढे नवं दुकान थाटलं आणि जुन्या भट्टीतले निखारे लोखंडी टबात घालून रस्त्यावरून ओढत तिकडे नेले. जुन्या इमारतीत आता स्मिटीज आहे. मागच्या दाराने शिरलात तर काळ्या पडलेल्या भिंती, विटांची लांब भट्टी, आणि तिच्या तोंडाशी जमिनीवरच जळणारी लाकडं, रांगेतल्या माणसाच्या पायापासून हातभर अंतरावर. बाबा तिथे थबकले आणि म्हणाले, "अरे, हे तर गुऱ्हाळ!" त्यांनी पोर्क चॉप घेतला. याच जागेतल्या क्रॉइट्झला अनेक वर्षं सॉसही नव्हता आणि काटेही नव्हते. बाबांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी खिशातून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली, आणि शेजारच्या टेबलावरचा टोपीवाला आजोबा टक लावून बघतोय म्हटल्यावर चिमूटभर त्यालाही दिला.

एक सावधगिरी: टेक्ससमधल्या सॉसेजमध्ये बहुतेक वेळा बीफ असतंच, आणि बीन्समध्येही ब्रिस्केटचे तुकडे टाकतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. सुरी आणि मांस कापायचा पाट सगळ्याला एकच असतो, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच मनाशी ठरवावं.

माझी सगळ्यात आवडती जागा लेक्सिंग्टन नावाच्या छोट्या गावातली स्नोज. फक्त शनिवारी उघडते, सकाळी आठला. टेक्सस मंथली मासिकाने २००८ आणि २०१७ मध्ये तिला राज्यात पहिला नंबर दिला. टूट्सी टोमानेट्झ या आजी वयाच्या ऐंशीनंतरही तिथे रात्रीपासून फावड्याने निखारे ओढताना दिसायच्या. तुम्हाला हवं ते इथेच मिळेल: पोर्क स्टेक, म्हणजे डुकराच्या खांद्याचा जाड काप. तो थेट निखाऱ्यावर असतो, वर आंबटसर पाणी पुचाऱ्याने मारत राहतात. कडा कुरकुरीत, मध्ये रस. हे ब्रिस्केटपेक्षा चांगलं आहे असं मी ऑस्टिनमध्ये मोठ्याने म्हणत नाही.

ऑस्टिनच्या पश्चिमेकडे लॅनो गावी कूपर्स आहे. तिथे मेस्किट नावाच्या झाडाच्या लाकडाचे निखारे पाडून त्यावर थेट भाजतात, म्हणजे आपल्या कल्पनेतल्या भाजण्याच्या जरा जवळ. भट्टीबाहेर उभं राहून बोटाने तुकडा दाखवायचा. दोन इंच जाडीचा चॉप घ्या, आणि त्या दिवशी कॅब्रिटो असेल तर तो आधी. कॅब्रिटो म्हणजे कोवळं करडू. आणखी काय पाहिजे?

ह्यूस्टनहून इतकं लांब नको असेल तर शहराच्या उत्तरेला स्प्रिंग नावाच्या गावात कॉर्कस्क्रू आहे. २०२४ मध्ये मिशेलिनने (हॉटेलांना तारे देणारी नावाजलेली मार्गदर्शिका) टेक्ससमधल्या ज्या चार बार्बेक्यूवाल्यांना एकेक तारा दिला, त्यातलं हे एक. बरगड्या आणि टर्की घ्या.

टेक्ससबाहेर बहुतेक ठिकाणी डुकराचं राज्य. कॅन्सस सिटीचा सॉस दाट, गोड, टोमॅटो-काकवीचा. मला तो जॅमसारखा लागतो, पण तुमच्या नातवंडांना आवडेल. मेम्फिसमध्ये बरगड्यांवर कोरडा मसाला असतो. आपल्या जिभेला तो लगेच पटतो. अलाबामातल्या डिकेटरला बिग बॉब गिब्सनकडे धुरावरची कोंबडी पांढऱ्या सॉसमध्ये बुचकळतात. मेयोनीज आणि व्हिनेगर म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं, आणि मग दुसरी प्लेट मागवली.

नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व भाग मात्र वेगळंच प्रकरण आहे. एडन गावात स्कायलाइट इन, १९४७ पासून. अख्खं डुक्कर रात्रभर लाकडाच्या निखाऱ्यांवर, मग दोन सुऱ्यांनी त्याचा खिमा, त्यात कुरकुरीत कातडीही कापून मिसळलेली, वर व्हिनेगर आणि मिरची. कागदी ट्रेमध्ये मांस, त्यावर मक्याच्या पावाची वडी, त्यावर कोबी. डुक्कर आणि व्हिनेगर ही जोडी गोव्यात सोरपोतेल खाल्लेल्याला ओळखीचीच वाटेल. त्याच राज्यात आणखी पश्चिमेला गेलात की फक्त खांदा घेतात आणि सॉसमध्ये थोडं केचप घालतात. एवढ्यावरून दोन्हीकडचे लोक एकमेकांना नावं ठेवतात. तांबडा-पांढरा रस्सा कुणाचा खरा, यावर भांडणाऱ्या माणसाने यात बोलू नये.

केंटकीतल्या ओवेन्सबरोला मटण मिळतं! एकोणिसाव्या शतकात तिकडे लोकरीसाठी मेंढ्या पाळायचे. म्हाताऱ्या मेंढीचं मांस मंद धुराशिवाय शिजायचं नाही, म्हणून ही पद्धत पडली. मूनलाइट नावाच्या ठिकाणी त्याचा बुफे असतो. बोकडाच्या मटणाची अपेक्षा धरू नका, मेंढीचा उग्र वास येतो. मला आवडलं. बायकोने एका घासात ताट बाजूला सारलं. ह्यूस्टनहून मुद्दाम जाण्याइतकं जवळ नाही, पण नॅशव्हिलला कोणी असेल तर बघा.

कुठेही जा, अकराच्या आत पोहोचा. नावाजलेल्या ठिकाणी दुपारी एकनंतर 'संपलं' अशी पाटी लागते. आणि अनोळखी ठिकाण असेल तर गाडी लावताना मागे लाकडाचा ढीग आहे का बघा. ढीग नसलेल्या एका चकचकीत जागी मी अठ्ठावीस डॉलर देऊन बाटलीतल्या धुराचा वास असलेल्या बरगड्या खाल्ल्यात.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत थांबणार असाल तर त्याआधीच्या शनिवारी टेक्ससमधल्या ब्रेडी गावात बकऱ्याच्या बार्बेक्यूची जागतिक स्पर्धा असते. मी तीन वर्षं जायचं म्हणतोय, पण दरवर्षी तोच शनिवार मंडळाच्या गणपतीच्या तयारीत जातो.