तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : आधी विहीर, मग आज्ञा

प्रश्न : ताई, आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) यंदा चार प्रौढ माणसं स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, तयारी करताहेत. त्यांना शिकवायचं काम फादरांनी माझ्याकडे दिलंय. आजवर मी लहान मुलांनाच धर्मशिक्षण दिलं. पहिल्या तीन रविवारी दहा आज्ञा आणि सात संस्कार घेतले. वह्या भरल्या, पण चौघंही गप्प बसतात. माझं काय चुकतंय?
— एक शिक्षिका, चिंचवड

उत्तर : तुमची कळकळ पत्रातून दिसते, म्हणून सरळ सांगते. सुरुवात उलटीकडून झाली आहे. मीही हेच केलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या वर्गाला हडपसरहून एक रिक्षावाले यायचे. रात्रभर रिक्षा चालवून सकाळी आठच्या मराठी मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) हजर. मी त्यांना दहा आज्ञा लिहून दिल्या आणि पाठ करून यायला सांगितलं. सहाव्या रविवारी त्यांनी विचारलं, "बाई, एवढं पाठ झालं की येशू कळेल का?" मी म्हटलं, "आधी पाठ तर करा." त्यानंतर ते आले नाहीत. आजही नवा वर्ग सुरू करताना मला त्यांची ती खिशात दुमडून ठेवलेली वही आठवते.

मोठं माणूस स्वतःचं आयुष्य घेऊन येतं. कुणी ससूनच्या वॉर्डात नवऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र घेऊन येतं, कुणी दारू सुटल्याचं नवल घेऊन. म्हणून पहिला अख्खा रविवार ऐकण्यात घालवा. इथवर कसे आलात, एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका.

आज्ञा सोडायच्या नाहीत, त्यांची जागा ओळखायची. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचे चार भाग आहेत : आपण काय मानतो, काय साजरं करतो, कसं जगतो आणि कशी प्रार्थना करतो. दहा आज्ञा येतात तिसऱ्या भागात. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातही पहिली आज्ञा देण्याआधी देव सांगतो, मी तुला मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून बाहेर काढलं. सुटका आधी आहे. ज्याला ती ठाऊकच नाही, त्याला आज्ञा म्हणजे सोसायटीच्या बोर्डावरची नोटीस वाटते.

प्रौढांच्या दीक्षेची जुनी वाट चर्चनं १९७२ मध्ये पुन्हा खुली केली. तिच्यात ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातले तीन प्रसंग वाचतात : येशू जिच्याकडं पाणी मागतो ती विहिरीवरची शोमरोनी बाई, ज्याला तो दृष्टी देतो तो जन्मांध माणूस आणि ज्याला तो मेलेल्यातून उठवतो तो लाझरस. पाणी, उजेड, जीवन. माझं निम्मं शिकवणं या तीन प्रसंगांतच होतं.

गेल्या वर्षी आम्ही शोमरोनी बाईचा प्रसंग वाचत होतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, असं मी सांगितलं. येरवड्याहून येणारी, चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई म्हणाली, "आमच्या आजीला गावात विहिरीवर चढू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. आणि हा तिच्याकडं पाणी मागतो?" देवानं मनुष्यदेह धारण केला, यावर मी त्या दिवशीसाठी दोन पानं टिपणं काढून आणली होती. ती पिशवीतच ठेवली. फळ्यावर तिचंच वाक्य लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

घरचे शब्द वापरा, पण फरक झाकू नका. मिस्सेत मिळणारा 'ख्रिस्तप्रसाद' ऐकलं की नवा माणूस तो सत्यनारायणाच्या प्रसादाशी जोडतो, आणि ते साहजिकच आहे. पण नैवेद्य देवाला दाखवून आपल्याला परत मिळतो. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस हेच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, अशी आपली श्रद्धा आहे. पचायला जड जाईल. योहानाच्या सहाव्या अध्यायात हे ऐकून कितीतरी शिष्य निघून गेले, आणि त्यांना थांबवायला येशूनं आपले शब्द सौम्य केले नाहीत. तुम्हीही करू नका.

"परका धर्म घेतला" हा टोमणा त्यांना घरी ऐकावा लागेल. त्यांना फादर थॉमस स्टीफन्सबद्दल सांगा. इंग्लंडमधून आलेल्या या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूनं गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यातल्या चार ओव्या वर्गात मोठ्यानं म्हणा. मग एखाद्या रविवारी चौघांना पुण्यातल्या क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये न्या. त्या चर्चसाठी जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली होती.

आणि पाठांतराचं : श्रद्धांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना) उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात आणि प्रभूची प्रार्थना पाचव्या आठवड्यात विधिपूर्वक सोपवायची असते. आधीच झेरॉक्स वाटून टाकू नका. वाट पाहून हाती आलेली प्रार्थना ईस्टरच्या रात्री ते कशी म्हणतात, ते पाहाच.

प्रश्न : लहानपणी माझा बाप्तिस्मा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चमध्ये झालाय. पती कॅथोलिक आहेत आणि मलाही व्हायचंय. पुन्हा पाणी घ्यावं लागेल का?
— एक वाचक, खडकी

उत्तर : नाही. पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा जन्मात एकदाच. तो दाखला मात्र शोधून ठेवा. तुम्ही पापनिवेदन कराल, श्रद्धा जाहीर कराल, दृढीकरण (बाप्तिस्म्याला बळकटी देणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद घ्याल. वर्गात कुणी तुम्हाला अख्रिस्ती समजून वागवलं तर खपवून घेऊ नका.

प्रश्न : लग्न दोन महिन्यांवर आलंय. मुलगी कॅथोलिक आहे. तिच्या घरचे म्हणतात, महिन्याभरात दीक्षा उरकून घे. मला येशूबद्दल आदर आहे, पण मनाचं अजून काही ठरलेलं नाही.
— एक तरुण, वाकड

उत्तर : मग घेऊ नका. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथोलिक व्यक्तीला बिशपांच्या परवानगीनं चर्चमध्ये लग्न करता येतं. त्यासाठी धर्मांतराची अट नाही. मुलीला मात्र आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथोलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन, असं वचन द्यावं लागतं. त्याची तुम्हाला पूर्ण कल्पना असायला हवी, त्यामुळे दोघांनी त्यावर आधीच मोकळेपणानं बोला. फादरांना याच आठवड्यात भेटा, कारण परवानगीला वेळ लागतो. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

पुढं कधी आपणहून ओढ वाटली, तर रविवारी मिस्सेनंतर कुठल्याही वर्गात जाऊन मागं बसा. वही नेऊ नका.