गोळीचं नाव विचारलंस, त्याचं उत्तर

प्रिय बाळा,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला. दोन ओळीत रिप्लाय करता आला असता पण तो तुझ्या उपयोगाचा झाला नसता, म्हणून आज सुट्टी आहे तर निवांत बसून लिहितेय. तू लिहिलंस की नवीन नोकरी, घरी यायला रात्र होते, हिमोग्लोबिन कमी आलंय, डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या दिल्यात आणि फळं-भाज्या वाढवायला सांगितल्यात, पण हौसेने आणलेली पालेभाजी फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पडून पडून काळी होते आणि शेवटी फेकायचीच वेळ येते, तर ताई त्यापेक्षा एखादी चांगली मल्टिव्हिटॅमिनची गोळी सांग ना म्हणजे भाज्यांचा प्रश्नच मिटला.

नाही मिटत गं. इतकी वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यात सगळ्यात जास्त वेळा मला हाच प्रश्न विचारला गेलाय, आणि विचारणारी माणसं आळशी नसतात, दमलेली असतात, हे मला माहितीये. म्हणून रागावत नाहीये, फक्त नीट समजावून सांगतेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट. डॉक्टरांनी दिलेली आयर्नची गोळी बंद करायची नाही. कमतरता झाल्यावर ती भरून काढायला औषध लागतंच, तिथे नुसत्या पालकाच्या भरवशावर राहायचं नसतं. पालकात लोह असतं, पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. मी बोलतेय ते भाजीच्या ऐवजी घ्यायच्या गोळीबद्दल.

ही फळ बाटलीत भरायची धडपड काही आजची नाही बरं का. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाचा स्कॉटिश डॉक्टर 'सॅलिसबरी' नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर होता. तेव्हा महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्या सुजून रक्त यायचं, जुन्या भरलेल्या जखमा परत उघडायच्या, माणसं मरायची. त्याने १२ आजारी खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहाच दिवस पुरली पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एकजण कामावर परत जाण्याइतका बरा झाला. एवढं डोळ्यांनी बघूनही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सगळ्यांना द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये! आणि मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग वेगळाच आहे. ताजी फळं बोटीवर टिकत नाहीत म्हणून लिंडनेच असं सुचवलं की रस तापवून, आटवून घट्ट अर्क करा आणि बाटल्या भरून न्या. झालं काय, तापवण्यात नेमकं जे हवं होतं तेच बरंचसं नष्ट झालं, कारण व्हिटॅमिन सी उष्णतेने जातं, आणि हे कळायला मार्गच नव्हता कारण व्हिटॅमिन नावाचं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. तो शब्दच १९१२ मधला.

तू म्हणशील ते जुनं झालं, आता सगळं शुद्ध स्वरूपात मिळतं. बरोबर आहे, आणि स्कर्व्ही आज व्हिटॅमिन सीच्या गोळीने बरा होतोच, ते मी नाकारत नाही. पण आता फिनलंडचं ऐक. आधी बऱ्याच अभ्यासांत दिसलं होतं की ज्यांच्या जेवणात गाजरासारख्या पिवळ्या-केशरी आणि हिरव्या भाज्या जास्त असतात त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी असतो. मग वाटलं की त्यातलं बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारा घटक, काम करत असणार, तेवढंच काढून गोळीत देऊया. २९,१३३ पुरुष घेतले, सगळे सिगारेट ओढणारे, काहींना बीटा कॅरोटीन दिलं, काहींना नाही, पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी नव्हे तर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत असाच एक मोठा प्रयोग चालू होता, तिथेही तेच दिसायला लागलं म्हणून तो १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तसंच पान उघडं ठेवून बसले होते. तू सिगारेट ओढत नाहीस, तुझ्या साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये तेवढा डोसही नसतो, त्यामुळे घाबरू नकोस. पण गाजरातून एक गोष्ट उचलली आणि गोळीत भरली म्हणजे गाजर खाल्लं असं होत नाही, एवढं तरी यातून कळतंच.

का होत नाही, ते मला पुस्तकाने नाही कळलं, आमच्या एका बाईंनी दाखवलं. शिकत असताना आम्ही व्हिटॅमिनचे तक्ते पाठ करायचो, हे पाण्यात विरघळतं, ते चरबीत विरघळतं, परीक्षेत लिहायचं आणि विसरायचं. एक दिवस बाईंनी दोन छोटी पातेली गॅसवर ठेवली, एकात पाण्यात बिटाच्या फोडी टाकल्या आणि दुसऱ्यात दोन चमचे तेल गरम करून त्यात किसलेलं गाजर परतायला घेतलं. पाच मिनिटांत बिटाचं पाणी गडद लाल, आणि गाजराच्या कडेने जे तेल सुटलं होतं ते केशरी, अगदी चमच्याने उचलून बघावं इतकं केशरी. मग त्यांनी ते लाल पाणी सिंकमध्ये ओतून दिलं आणि एवढंच म्हणाल्या की भाजी उकडून पाणी फेकता ना, ते असं फेकता. रंग हा एक भाग झाला, पण त्याच वाटेने व्हिटॅमिन सी जातं, फोलेट नावाचं बी गटातलं व्हिटॅमिन जातं. आणि गाजर-भोपळा-पालेभाज्यांमधलं कॅरोटीन, ज्याचं शरीर व्हिटॅमिन ए करतं, त्याला मात्र थोडं तेल लागतं, नाहीतर आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. त्या दिवसानंतर मी तक्ता कधी पाठ केला नाही.

म्हणून भाजी कशी करायची याचं फार टेन्शन घेऊ नकोस. कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडक्या वेळात शिजव, वाफवली तर उत्तमच, पाणी उरलं तर त्याच जेवणात कशात तरी वापर, चिरून पाण्यात भिजत ठेवू नकोस, धुवायची ती चिरायच्या आधी आणि वाहत्या पाण्याखाली. आणि सगळं कच्चंच खाल्लं पाहिजे हे जे व्हिडिओ फिरत असतात ते सोडून दे, टोमॅटोतलं लायकोपिन, म्हणजे त्याला लाल रंग देणारा घटक, तर शिजवून थोड्या तेलासोबत घेतलं की जास्त मिळतं.

आता तुझ्या हिमोग्लोबिनकडे येते. डाळी-कडधान्यं-पालेभाज्यांमधलं लोह असतं ना ते अशा रूपात असतं की आतडं त्याला सहजासहजी आत घेत नाही. त्याच जेवणात व्हिटॅमिन सी असलं की ते लोहाचं रूप बदलतं आणि मग ते आत जातं. त्याच जेवणात हं, सकाळी संत्रं आणि रात्री पालक असं नाही. म्हणजे भाजीवर वरून लिंबू पिळ, शिजवताना नको, गॅस बंद केल्यावर. किंवा बाजूला कच्ची ढोबळी मिरची, टोमॅटो, जेवणानंतर पेरू, किवी, संत्रं जे मिळेल ते. लाल ढोबळी मिरचीत वजनाला वजन संत्र्याच्या दुपटीहून जास्त व्हिटॅमिन सी असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एका मध्यम संत्र्यात साधारण ७० मिलिग्रॅम असतं, तेवढ्यात मोठ्या माणसाची दिवसाची गरज जवळजवळ भागते. बहुतेक प्राणी व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात तयार करतात, आपल्याला ते जमत नाही आणि फार साठवताही येत नाही, म्हणून रोज लागतं. आणि चहा-कॉफी जेवणाला लागून अजिबात नको, एक तास तरी अंतर ठेव, त्यातले घटक लोहाला धरून ठेवतात. आयर्नच्या गोळीलाही हेच लागू आहे.

मग फायबर, ज्याबद्दल माणसं फक्त पोट साफ होतं एवढंच बोलतात आणि मला वाईट वाटतं, कारण खरी गंमत पुढेच आहे. फायबर आपल्याला पचत नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू ते खातात, खाऊन ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार करतात, आणि आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यावर मिळवतात. म्हणजे तू फळ खातेस ते तुझ्यासाठी आणि त्यांच्यासाठीही, आणि ते परत तुलाच देतात. गोळीत यातलं काहीही नसतं. ज्यूसमध्येसुद्धा बहुतेक जातंच. संत्रं सोलल्यावर फोडींवर ते पांढरं जाळीदार असतं ना, जे आपण नखाने काढत बसतो, ते नको काढूस, फायबर त्यात आणि फोडीच्या सालीत असतं, आणि ज्यूस करताना पहिलं तेच गाळून टाकतात. एक ग्लास ज्यूसला तीन-चार संत्री लागतात, ती सोलून खायला बसलीस तर दुसऱ्यालाच पोट भरेल, पण ज्यूस दोन मिनिटांत संपतो आणि साखर सगळ्यांची पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना तर फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात मोजते. फक्त एक, फायबर एकदम वाढवू नकोस, पोट फुगेल आणि तू म्हणशील मला सोसत नाही. हळूहळू वाढव, सोबत पाणी पी.

तुझ्या वयात ब्लडप्रेशरचा विचार कुणी करत नाही तरी सांगते, कारण भाज्या-फळांमधलं पोटॅशियम मिठातल्या सोडियमचा भार हलका करतं. १९९७ मध्ये अमेरिकेत डॅश नावाचा प्रयोग छापून आला, त्यात ४५९ जणांना जेवणच बनवून दिलं होतं, एका गटाला नेहमीसारखं, दुसऱ्याला फळं-भाज्या वाढवून, तिसऱ्याला फळं-भाज्यांसोबत कमी फॅटचं दूध-दही आणि एकूणच फॅट कमी. मीठ सगळ्यांना सारखंच, वजन कुणाचं घटू दिलं नाही. दुसऱ्या गटाचं बीपी पहिल्यापेक्षा उतरलं, तिसऱ्याचं त्याहून जास्त, आणि फरक दोनच आठवड्यांत दिसला. दोन आठवडे गं!

किती खायचं विचारशील. दिवसाला कमीत कमी ४०० ग्रॅम, आणि यात बटाटा धरायचा नाही, तो पिष्टमय पदार्थांत जातो. वजनकाटा काढू नकोस, एक मूठभर म्हणजे साधारण ८० ग्रॅम, अशा पाच मुठी, त्यातल्या दोन फळांच्या आणि तीन भाज्यांच्या असल्या की झालं. रंग बदलते ठेव. डिटॉक्सच्या नावाने काही पिऊ नकोस, ते काम लिव्हर आणि किडनी करतात. आणि हो, बी१२ भाज्या-फळांत नसतं, तेव्हा पुढच्या टेस्टमध्ये ते पण बघून घे.

राहिला तो ड्रॉवर. तिथे भाजी सडते कारण तू दमून आल्यावर निवडायचं, धुवायचं, चिरायचं सगळं समोर उभं राहतं. तर पालेभाजी आणशील तेव्हा एकदाच आण आणि पहिल्या दोन दिवसांत संपव, बाकी दिवस गाजर, कोबी, भोपळा अशा टिकणाऱ्या गोष्टी. फ्रोझन मटार, फ्रोझन पालक बिनधास्त वापर, काढणीनंतर लवकर गोठवलेले असतात, चार दिवस ड्रॉवरमध्ये सुकलेल्या भाजीपेक्षा वाईट नक्कीच नसतात. फळं मात्र ड्रॉवरमध्ये नकोच, डोळ्यासमोर, टेबलावर. आल्या आल्या हात फळाकडे गेला पाहिजे.

हे सगळं वाचून घरी कुणाला सांगायला जाशील, सांग, पण आधी त्यांची औषधं विचार. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम जपून घ्यावं लागतं, रक्त पातळ करायची वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्या अचानक वाढवायच्याही नाहीत आणि बंदही करायच्या नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट (संत्र्यासारखं एक मोठं, कडवट-आंबट फळ) चालत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करायचं.

तुझा तीन महिन्यांनंतरचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मला पाठव. आणि पुढच्या रविवारी फोन कर, पण आधी तो ड्रॉवर उघडून बघ आणि त्यात काय काय आहे ते मला वाचून दाखव, मग आपण आठवड्याचं ठरवू.

तुझी,
ताई